एक हात चार बोटं

नकाशा निळ्या कागदावर होता आणि त्याची इतक्या वेळा घडी झाली होती, की बालवाडीच्या बरोबर मधोमध कागद फाटून एक फट पडली होती. ओव्हरसियर धर्मराज गिराम यांनी तो जीपच्या बॉनेटवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि पुंजाराम गवंड्याला विचारलं, "वाचता येतो ना?"

"येतो साहेब."

"मंग यात हाय तसंच करायचं. आपलं डोकं लावायचं न्हाई."

पुंजाराम पन्नाशीचा होता आणि त्यातली तीस वर्षं त्याच्या हातात थापी होती. नवीन जालन्यात स्टेशनाकडच्या तीन जिनिंगांच्या भिंतींवर त्यानं काम केलं होतं. आपली एकही भिंत ओळंब्याबाहेर निघाली नाही असं तो येताजाता सांगे, आणि हिवरवाडीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं होतं, की ते ऐकताना कोणी तंबाखू मळायचं थांबवत नसे. पण खरं ते खरं. त्याला आजवर कोणी डोकं लावू नको म्हणालं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

दुष्काळाचं हे दुसरं साल. जाफराबादकडं जाणारा नवा रस्ता गावाच्या शिवेवरून निघाला होता आणि सगळं गाव त्या रस्त्यावर होतं. गडी खोदकामाला, बाया खडी फोडायला. घरात राहिली ती म्हातारी माणसं आणि लहान लेकरं. त्या लेकरांसाठी बालवाडी मंजूर झाली, आणि पुंजारामची सून सत्यशीला सातवी पास असल्यामुळं तिची बाई झाली. तिचा नवरा साहेबराव जालन्याला तेलाच्या गिरणीत हमाली करायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा यायचा.

इमारत होईपर्यंत बालवाडी गायरानातल्या लिंबाखाली भरत होती. तीन ते पाच वर्षांची एकतीस लेकरं, एक फळा आणि एक हंडा. लिंबाची खुबी अशी, की तिथून सपाट रानापलीकडं रस्त्याचं काम सरळ दिसायचं. मोठ्या बाभळीखाली बाया ओळीनं बसून हातोडीनं खडी फोडत. एखाद्या लेकराला आई आठवली की ते मान वर करायचं, लुगड्याच्या रंगावरून आपली आई हुडकायचं आणि पुन्हा खडे मांडायला लागायचं. शिकवण्याच्या कुठल्या पुस्तकात ही सोय लिहिलेली नव्हती, पण सगळी बालवाडी तिच्यावर चालली होती.

संध्याकाळी सत्यशीलेनं नकाशा चुलीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघून ती म्हणाली, "मामा, ही खिडकी खालून किती?"

"साडेतीन फूट. तिथं आकडा हाय पाहा."

"माझ्याकडची सगळ्यात उंच पोरगी साडेतीन फुटांची न्हाई."

"उजेड यील ना पण. वारा यील."

"उजेड यील. आई दिसायची न्हाई."

केशरबाई, पुंजारामची बायको, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापत होती. दिवसभर खडी फोडून तिच्या डाव्या हाताची बोटं सुजली होती. हातोडी चुकली तर लागू नये म्हणून त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले होते, ते तिनं भाकरीपुरते काढून ठेवले होते. ती म्हणाली, "ते लिंबाखालून लेकरू दिसतं म्हणून आमचा बी हात चालतो. न्हाई तं कोणाचं ध्यान लागलं आसतं."

"नकाशा साहेबानं काढला का मी काढला?" पुंजाराम चिडून म्हणाला. चिडला कारण सून बराबर बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला दोरी घेऊन बालवाडीत गेली. प्रत्येक लेकराचं माप घ्यावं, ते सासऱ्याला द्यावं, मग सासरा साहेबाला सांगेल, असा तिचा विचार. दोन लेकरं मापून झाली आणि तिसऱ्या वेळी धनगराच्या धुळाजीची सून आशाबाई पाणी प्यायला आली ती थबकली. दोरीखाली तिचीच पोरगी उभी होती, गिरिजा, चार वर्षांची.

"बाई, दोरी काढा."

"माप घेऊन राह्यले. खिडकीसाठी."

"जित्या लेकराची लांबी दोरीनं घेतेत का? दोरी कव्हा लावतेत, तुम्हाला म्हाईत न्हाई?"

सत्यशीलेला माहीत होतं. गावात दोरीनं माणूस मापतात तो एकदाच, आणि तेव्हा मापलेल्याला काही विचारत नाहीत. शाळेत असलं काही मानायचं नाही असं तिला शिकवलं होतं, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून तिनंही ते इतरांना सांगितलं होतं. पण आशाबाईचा चेहरा बघून तिनं दोरी गुंडाळली. लेकरं न्यायला लागल्या बाया तर खिडकी कोणासाठी?

ही हकिकत ऐकून पुंजाराम हसला नाही. रात्रभर कुशी बदलल्या त्यानं, आणि सकाळी केशरबाईच्या पाण्यातली एक घागर उचलली. त्या घागरीसाठी ती दोन कोसांवरच्या विहिरीवर पहाटे रांगेत उभी राहिली होती.

"कुठं नेऊन राह्यले ती?"

"चिखल कालवायचाय."

"पेयाला न्हाई अन् चिखलाला?"

पुढं ती जे बोलली ते तिनं लग्नानंतर चार-पाच वेळाच बोलून दाखवलं होतं. तो ऐकत ऐकत चालू लागला. लिंबाजवळ जुन्या खळ्याचं एक पडकं भिताड होतं, कमरेइतकं. पांढरी माती आणि भुसा तुडवून त्यानं त्या भिताडाला ओला गिलावा केला, थापीनं गुळगुळीत केला आणि सुनेला म्हणाला, "बोलाव."

लेकरं आली. सत्यशीला म्हणाली, "ह्या भिंतीच्या पलीकडं तुमची आई बसलीय. तिला पाहायचंय. हात कुठं टेकवसाल? टेकवा."

लेकरांना दोनदा सांगावं लागलं नाही. चिखलात हात घालायला मिळतोय म्हटल्यावर तर नाहीच. एकतीस पोरं भिताडाला भिडली, टाचा उचलून पलीकडं बघायला लागली, आणि बाजूला झाली तेव्हा ओल्या गिलाव्यात पंज्यांची एक वाकडीतिकडी ओळ उमटलेली होती. पुंजाराम उकिडवा बसला. सगळ्यात खालचा पंजा गिरिजेचा होता. वयानं लहान पोरं होती तिच्याहून, पण दोन वर्षांच्या उपासमारीनं ती खुरटली होती. त्यानं जमिनीपासून आपला हात लावला. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, आणि वर चार बोटं.

"एक हात चार बोटं," तो म्हणाला.

"अन् साहेब?" सत्यशीलेनं विचारलं.

"साहेब काय लेकराबाळाचा न्हाई का? भिंत पाह्यली की त्याला समजंल."

इथं तो चुकला. गवंड्याला वाटतं, चांगली बांधलेली भिंत आपली बाजू आपण मांडते. कागद लिहिणाऱ्यांशी त्याचा संबंध कमी आला होता.

काम सुरू झालं. जोत्याला दगड, वर मातीत विटा, दाराच्या कडांना तेवढं सिमेंट. रोज दोन पिपं पाणी बांधकामाला मिळे, आणि ती बैलगाडीतून येताना वाटेवरच्या म्हाताऱ्या थांबून बघत. भिंत पाणी पिते आणि आपण बघतो, असं एकीनं म्हणून दाखवलं. पुंजाराम विटा भिजवताना मान खाली घालायचा. दारापुढं नकाशात दोन उंच पायऱ्या होत्या, त्यानं चार बसक्या केल्या. आणि दक्षिणेची चौकट, रस्त्याकडची, एक हात चार बोटांवर बसवली. चौकट बसली त्या दुपारी तो आत मांडी घालून बसला. बाभळ दिसली. बाभळीखाली ओळ दिसली. ओळीत पाचवी केशरबाई होती. हातोडी उचलण्याआधी ती पदरानं नाक पुसते, ते इथूनही कळत होतं.

संध्याकाळी त्यानं तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "पाहून घ्या मंग जल्दी. बाभळीपासचं सरत आलं. म्होरच्या हप्त्यात आम्ही नाल्यापाशी. तिथून म्होरं टेकडी."

रस्ता पुढं सरकतो हे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण पुंजारामच्या ध्यानात ते त्या क्षणी आलं. तीस वर्षं तो एका जागी उभ्या राहणाऱ्या गोष्टी बांधत आला होता.

"नाल्यापाशी बी दिसंल," तो म्हणाला.

"नाल्यापाशी दिसंल. टेकडीच्या वळणाला गेल्यावर न्हाई दिसायचं."

"तव्हर एक महिना हाय. एका महिन्यात लेकरं रुळतेत. एकदा घर वळखीचं झालं की रडत न्हाईत." हे सत्यशीला म्हणाली, आणि तिघांनीही ते मानलं. एक महिना पुरेल, असा हिशेब ठरला.

चौथ्या दिवशी जीप आली.

गिराम साहेब उतरले, इमारतीभोवती एक चक्कर मारली, खिडकीपाशी थांबले आणि तिच्याकडं असं बघितलं, जसं जेवताना ताटात केस दिसावा. बरोबर सरपंच रामराव होते. कामावरचे सहा गडी हातातली घमेली ठेवून उभे राहिले.

"हे काय?"

"खिडकी हाय साहेब."

"नकाशात कुठंय?"

"नकाशात वर हाय. लेकरांच्या मापानं खाली घेतली. बाहेर त्यांच्या आया दिसतेत." पुंजारामनं दोन दिवस घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं. भिताडावरचे पंजे दाखवायला तो हात लांब करून उभा राहिला. "तिकडं पाहा साहेब, सुकलेत पण हायेत."

साहेबांनी तिकडं पाहिलं नाही. त्यांनी खिशातून टेप काढला, खिडकी मापली आणि म्हणाले, "दीड फूट अन् वर काही. उद्या लेकरू बाहेर पडलं, हात मोडला, तं जबाबदार कोण? तू?"

"बाहेर जमीन हाय साहेब. हीर न्हाई."

एक गडी हसला. ते हसणं पुंजारामला महागात पडलं.

"जास्त शाना झाला का रे? रामराव, तुमचा गवंडी आम्हाला नकाशा शिकवून राह्यला. माझ्या पुस्तकात साडेतीन लिहायचंय. इथं दीड मोजलं तं माझी नोकरी जाईल. फोडा ते."

रामराव म्हणाले, "पुंजा, साहेब म्हणतेत तसं कर बाबा. कशाला उगं."

"पुरी भिंत उकलावी लागंल. पाणी न्हाई साहेब."

"ते आधी समजायला पाह्यजे होतं."

साहेबांना तहान लागली. केशरबाईनं भरून दिलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं दोन पावलांवर होतं. रामरावांनी एका गड्याला आपल्या घरी पिटाळलं, तो तांब्या घेऊन येईपर्यंत साहेब कोरड्या ओठांनी उभे राहिले, आणि येईपर्यंत कोणी त्या मडक्याकडं बघितलं नाही. मग पाणी पिऊन त्यांनी स्वतः खडूनं भिंतीवर साडेतीन फुटांची रेघ मारली. पुंजारामच्या कमरेच्या जरा वर आली ती.

जीपची धूळ बसायच्या आत त्यानं टिकाव उचलला. दुसऱ्याला फोडू दिली नाही. स्वतःची भिंत फोडताना आवाज वेगळा येतो. तिची माती अजून ओली होती, विटा सुट्ट्या होत होत्या, आणि तरी त्याच्या छातीत धाप लागली. सत्यशीला लिंबाखालून सगळं बघत होती. लेकरांना तिनं गाणं म्हणायला लावलं होतं आणि एकाही लेकराचं तिकडं लक्ष नव्हतं.

पंधरा दिवसांनी छपराला पत्रे लागले आणि बालवाडी आत गेली. आत उजेड होता, वारा होता. वर, एकतीस डोक्यांच्या वर, आभाळाचा एक चौकोन होता. पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला एक लेकरू मान वर करून शोधायला लागलं, त्याला भिंत दिसली, आणि ते रडलं. मग दुसरं. पत्र्याखाली एकतीस लेकरांचं रडणं असं घुमलं, की बाहेर गिलावा करणाऱ्या पुंजारामची थापी थांबली. सत्यशीला एकाला उचलून खिडकीला दाखवायची तोवर दोघं दाराशी. कितीजणांना उचलणार ती? कंबर धरून आली तिची.

तिसऱ्या दिवशी गिरिजा निसटली. चार बसक्या पायऱ्या तेवढ्या पुंजारामच्या राहिल्या होत्या. साहेबांचं त्यांच्याकडं ध्यान गेलं नव्हतं. त्या पायऱ्यांवरून ती भराभर उतरली आणि नाल्याच्या दिशेनं पळत सुटली. त्याच वेळी नाल्यापलीकडं, रस्त्याचा दगड काढायच्या खदानीवर शिटी वाजली. सुरुंगाची. पुंजारामनं थापी टाकली आणि तो धावला. पन्नाशीचा माणूस ढेकळांतून, तोंडानं "थांब, थांब" म्हणत. शंभर पावलांवर त्यानं तिला गाठलं, उचललं आणि बांधाआड आडवा झाला. सुरुंग उडाला, लांबवर दगड पडल्याचे आवाज झाले, एक पाच हातांवर येऊन पडला. पोरगी त्याच्या काखेखालून मान काढून नाल्याकडंच बघत होती.

आशाबाई पळत आली. तिनं पोरगी ओढून घेतली, तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिलाच छातीशी धरलं.

"मी माझं लेकरू माझ्यापाशी बसवीन. तुमच्या कोंडवाड्यात न्हाई पाठवायची."

"आशाबाई, खिडकी म्यां खालीच केल्ती. साहेबानं फोडाय लावली," पुंजाराम म्हणाला. त्याचा गुडघा सोलला होता.

"फोडाय लावली अन् तुम्ही फोडली," ती म्हणाली आणि गेली.

तो बांधावर बसून राहिला.

एकतीसची चौदा झाली. बाया लेकरं खडीवर न्यायला लागल्या. तिथं ऊन, धूळ, डोळ्यांत उडणारे कपचे. पंचवीसच्या खाली महिनाभर पट राहिला तर बालवाडी दुसऱ्या गावाला जाणार होती, तसं कागदावरच होतं. सत्यशीला संध्याकाळी घरोघर फिरायची, परत येऊन न जेवता निजायची. नोकरी जाईल याचं भय तिला होतंच, पण चौदावर आली बालवाडी हे तिला स्वतःच्या अंगाला लागलं होतं.

मुख्यसेविका मालनबाई तपासणीला आल्या त्या अशा वेळी. जाड भिंगाचा चष्मा, हातात छत्री. पट बघून त्या रागावल्या. सत्यशीलेनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जरा खाली बसा."

"कशाला?"

"बसा ना. लेकरं बसतेत तिथं."

मालनबाई बसल्या. जाड बाई, बसताना हात टेकावा लागला. मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली.

"मला नुसतं आभाळ दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांना भिताडाशी नेलं. पंजे उन्हानं तडकले होते, कडा झडल्या होत्या, पण ओळ होती. मालनबाईंनी एका पंज्यावर आपलं बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. "मी लिहिते," त्या म्हणाल्या. "वरून हुकूम आणते. आठ दिवस द्या."

आठ दिवस गेले. पंधरा गेले. पुंजाराम दोनदा तालुक्याला जाऊन आला. पहिल्यांदा बाकावर बसून दुपार गेली. दुसऱ्यांदा कारकून म्हणाला, कागद आलाय, पण साहेब दौऱ्यावर आहेत आणि नकाशात बदल म्हणजे नवा नकाशा, नवा नकाशा म्हणजे त्याच्यावर तीन सह्या. "भिंत मी फुकट फोडतो, नुसतं फोड म्हणा," पुंजाराम म्हणाला. कारकुनानं त्याच्याकडं दया आल्यासारखं बघितलं. फुकट फोडायलाही सही लागत होती.

इकडं केशरबाई रोज संध्याकाळी बातमी आणायची. "नाल्याची मोरी झाली." "आज नाला वलांडला." "टेकडीला भिडलो." ती हे भाकरी थापता थापता सांगायची आणि पुंजाराम दर वेळी म्हणायचा, "थोडं हळू फोडा की." एकदा ती म्हणाली, "हळू फोडलं तं खाताल काय?" त्यानंतर तो म्हणाला नाही.

बाया टेकडीच्या वळणाआड गेल्या त्याच्या पाचव्या दिवशी हुकूम आला.

तीन सह्या होत्या. खिडकीची उंची एक फूट नऊ इंच करण्यात यावी. पुंजारामनं हुकूम उलटा करून बघितला, मागं कोरं होतं. त्यानं टिकाव घेतला आणि तिसऱ्यांदा तीच भिंत हातात घेतली. गडी मिळाले नाहीत, सगळे रस्त्यावर. सत्यशीलेनं माती कालवली, विटा दिल्या. चौकट बसली, ओळंबा लावला, भिंत सरळ होती. त्याच्या सगळ्या भिंती सरळ असत.

लेकरं परत आली. खिडकीसाठी नाही, रस्ता आता दोन कोसांवर गेला होता आणि तेवढ्या उन्हात लेकरू काखेत नेणं आशाबाईलाही जमेना. तीसचा पट झाला. बालवाडी राहिली, सत्यशीला राहिली. मालनबाईंनी पट बघून तिच्या पाठीवर हात ठेवला.

पण सत्यशीला संध्याकाळी सासऱ्याला म्हणाली, "मामा, आता रडत न्हाईत."

"मंग बरं हाय की."

"बरं न्हाई. नुसती पाहत बसतेत. मी गाणं म्हणते तं माझ्याकडं पाठ. सकाळी आया वळणाआड जातेत तिथं पाहत बसतेत, दुपार होऊस्तोवर. परवा एकाला म्हणलं, इकडं ये बाळा. तं म्हणतो, आई गेली तिथं पाहून राह्यलो."

पुंजारामनं ताट सरकवलं.

जेठ सरताना गिराम साहेब एका मोठ्या साहेबांना घेऊन आले. मोठे साहेब वाकून आत शिरले, बसकी खिडकी बघितली आणि खूश झाले. "वा. लेकरांच्या मापाची खिडकी. कल्पना कोणाची?"

"आपल्याच ऑफिसची, साहेब," गिराम म्हणाले. "सुधारित नकाशा."

"सगळ्या बालवाड्यांना हेच माप लावून टाका. सगळीकडं."

पुंजाराम दारात उभा होता. इतके दिवस तोंडात धरलेलं त्याला धरवेना. "साहेब," तो म्हणाला, "माप लिहिलं ते बराबर हाय. पण खिडकी कोणीकडं तोंड करून ते बी लिहा. अन् कव्हा करायची ते बी लिहा."

"म्हणजे?"

"ही खिडकी दोन महिन्यांमागं पाह्यजे होती. तव्हा समोर आया होत्या. आता तिथं डोंगूर हाय."

मोठे साहेब चांगले माणूस होते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, "बाबा, दिशा नकाशात असतेच. वरची बाजू उत्तर." आणि गिराम साहेबांनी मान हलवली.

साहेब गेले. दुपार कलत होती. पुंजाराम आत गेला, राहिलेला कोपऱ्याचा गिलावा पुरा करावा म्हणून, आणि थापी हातात घेऊन तसाच भुईवर बसला. त्याला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारण्यासारखं समोर कोणी नव्हतं. पाठमोरी लेकरं होती. खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेवर ओळीनं पंजे टेकलेले होते, भिताडावर होते तसे, आणि त्यांच्यापुढं रिकामा नवा रस्ता, वर टेकडी.

गिरिजा वळली. तिनं त्याच्या हातातली थापी बघितली, जवळ आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"आबा, तुम्ही खिडकी पाडता ना?"

"हां."

"मंग त्या टेकडीला पाडा ना एक."

कागदवाल्यांनी इतके दिवस त्याला जे विचारलं नव्हतं तेच त्यानं शेवटी तिला विचारलं.

"किती उंच पाडू?"

गिरिजेनं जराही विचार केला नाही. ती टेकडीकडं तोंड करून उभी राहिली, टाचा उचलल्या आणि दोन्ही पंजे समोर हवेत टेकवले.

पुंजारामनं सवयीनं भुईपासून आपला हात लावला. एक हात आणि चार बोटं होती.